साडेतीन मिनिटांची पंचवार्षिक योजना

टीकाकारानं कलाकृती पुरी होईपर्यंत थांबावं, असा एक सभ्य संकेत आहे. नाटक पडल्यावर बोलावं, पुस्तक छापल्यावर लिहावं, आणि स्वयंपाकाबद्दल तर हात धुऊन पाटावरून उठल्याशिवाय तोंड उघडूच नये. पण विद्यार्थ्यांनी करायच्या गाण्याच्या व्हिडिओला हा संकेत लावला तर टीकाकार उपाशी मरेल. कारण या प्रकारातल्या बऱ्याच कलाकृती तयारीतच संपतात. आणि ज्या वाचतात त्यांचं जे काही बरंवाईट व्हायचं ते कॅमेरा पिशवीतून बाहेर येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून ही टीका मी तयारीवरच करतो आहे. सिनेमाचं परीक्षण सगळेच करतात. मी सिनेमाच्या वहीचं करतो.

ही वही आमच्या मसुऱ्यातली. ज्यांना मसुरे ठाऊक नाही त्यांना आंगणेवाडी ठाऊक असते, आणि आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. ती देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख ठरली रे ठरली की मुंबईतला चाकरमानी रेल्वेच्या खिडकीशी उभा. लाखांनी माणसं येतात, दर्शन घेतात, प्रसाद खातात आणि परत जातात. तेव्हा आमच्या गावाला नियोजन येत नाही असा आरोप कोणी करू नये. गावाला येतं. प्रश्न फक्त गावच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा आहे, आणि त्यातला एक माझा सख्खा भाचा आहे.

भाच्याला कॉलेजात एक प्रकल्प करायचा होता : साडेतीन मिनिटांच्या गाण्याचा व्हिडिओ. गाणं मसुऱ्यातलंच, फुगडीचं. शेजारच्या वाडीतल्या एका काकींनी गायलेलं त्यानं फोनवर उतरवून घेतलं होतं. त्याच्या मित्रानं त्याखाली ढोलाचा आणि आणखी कसला तरी ठेका भरला होता. ठेका असा, की काकी गात आहेत आणि पलीकडे कोणी बोअरवेल मारतो आहे, असं वाटावं. तर या व्हिडिओच्या नियोजनाची बैठक आमच्या खळ्यात भरली. ‘मामा, तुम्ही फक्त बसा,’ असं मला सांगण्यात आलं. कोकणात याचा अर्थ ‘चहा तुमच्याकडे’ असा होतो.

वहीचं पहिलं पान म्हणजे मानाची पानं. माणसं अकरा, पदं चौदा. एक दिग्दर्शक, दोन सहदिग्दर्शक, एक ‘क्रिएटिव्ह’ दिग्दर्शक (म्हणजे उरलेले तिघे कोण, हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही), एक नृत्यदिग्दर्शक, एक कलादिग्दर्शक. एवढ्या दिशा दाखवणारे असल्यावर गाडी कुठं जाणार ते उघड आहे. ती खळ्यातच राहणार. क्लॅप कोण मारणार, याची नोंद मात्र कुठंच नव्हती. ते काम कमीपणाचं समजलं गेलं असावं. वास्तविक त्या एका टाळीवर आवाज आणि चित्र यांची सोयरीक जमते. पाटीचा ‘खट्’ कानाला जिथं ऐकू येतो आणि डोळ्याला जिथं दिसतो, ती दोन टोकं जुळवली की नायिकेचे ओठ गाण्याबरोबर हलतात. नाही जुळली तर गाणं आधी पोचतं आणि नायिका मागून येते, आमच्या एसटीसारखी.

दुसरं पान यंत्रांचं. इथं सर्वांत वर, ठळक अक्षरांत, अधोरेखित : ड्रोन. ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आणायचा, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे उडवायला परवाना लागत नाही, एवढी माहिती मुलांनी बिनचूक काढून ठेवली होती. मी मनापासून कौतुक केलं. पण सबंध वहीत बिनचूक म्हणावी अशी माहिती एवढी एकच निघाली.

तिसऱ्या पानापासून व्हिडिओ सुरू होतो. तो मी इथं सांगत नाही, कारण तो तुम्ही पाहिलेला आहे. वरून माड दिसतात. मग खाडी दिसते. मग पुन्हा माड, कारण माड फार असतात. जांभ्या दगडाच्या पाणंदीतून नऊवारी नेसलेली एक मुलगी उगाचच धावते. मग ती वळून बघते. मग एक म्हातारा विडी ओढताना दिसतो. त्याचा गाण्याशी संबंध नसतो, पण त्याच्या सुरकुत्यांचा कॅमेऱ्याशी असतो. मग वाळूवर बाराजणींचा नाच. मग सूर्य बुडतो, आणि त्याच्याबरोबर गाणंही.

अशा व्हिडिओची एक सोपी परीक्षा आहे. आवाज बंद करा आणि बघा. मग त्याच चित्रांवर दुसरं कुठलंही गाणं लावा : भजन, लावणी, बँकेची जाहिरात. काही बिघडलं नाही, तर ते चित्र त्या गाण्याचं नव्हे. ते पर्यटन खात्याचं कॅलेंडर झालं. फरक एवढाच, की कॅलेंडरावर निदान एकादशी तरी कळते.

याउलट, ज्यांनी छायागीताच्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरी चपला काढल्या आहेत त्यांना आठवेल. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मधलं, १९५९ सालचं, गीता दत्तच्या आवाजातलं ते गाणं. त्यात कोणी धावत नाही, कोणी वळत नाही. रिकामा स्टुडिओ, दोन माणसं लांब लांब उभी, आणि मधे वरून उतरलेला उजेडाचा एक खांब. तो उजेड व्ही. के. मूर्तींनी मोठाले आरसे लावून बाहेरच्या उन्हातून आत आणला होता. आरसे काय, आमच्या हजामाकडेही असतात. पण गाण्यातल्या त्या दोघांमधे काय शिल्लक उरलं आहे, हे आधी कोणीतरी ऐकलं, मग त्याला उजेड सुचला, आणि मग आरसे आले. आमच्या वहीत क्रम उलटा होता. आधी ड्रोन, मग त्यातून काय दिसेल ते, आणि गाणं सर्वांत शेवटी, ‘म्युझिक रेडी आहे’ एवढ्या तीन शब्दांत.

बरं, हे जुन्या लोकांचं कौतुक झालं म्हणाल, तर नव्यांचं घ्या. ओके गो नावाच्या अमेरिकेतल्या चौघा वादकांनी २००६ साली एक व्हिडिओ केला. आठ ट्रेडमिल मांडल्या. ट्रेडमिल म्हणजे पळून पळून माणूस जिथल्या तिथंच राहतो ते यंत्र. समोर एक कॅमेरा, तोही हलायचा नाही. सबंध गाणं एका दमात. चौघे त्या पट्ट्यांवर असे सरकतात, घसरतात, उड्या मारतात, की बघणाऱ्यानं श्वास धरावा. सतरा वेळा करून बघितलं तेव्हा ते जमलं. पुढं ग्रॅमी मिळालं. त्यांच्या नृत्याची आखणी चौघांपैकी एकाच्या बहिणीनं केली होती. म्हणजे घरचीच माणसं आणि तालमीचा घाम. ही गोष्ट मी खळ्यात सांगितली. मुलांनी ती मन लावून ऐकली आणि वहीत लिहून घेतलं : ‘ट्रेडमिल – आठ – कुठं मिळतील?’

‘मामा,’ क्रिएटिव्ह दिग्दर्शक मला समजावू लागला, ‘एवढं प्लॅनिंग नाही लागत. आपल्या दशावताराला कुठं स्क्रिप्ट असते?’

हा युक्तिवाद कोकणात फार चालतो. त्याचा एकदा समाचार घेणं भाग आहे. दशावताराला लेखी संहिता नसते हे खरं. संध्याकाळी मंडळी पेटारा घेऊन देवळापाशी उतरतात, तिथंच कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, जो तो आपला रंग आपण लावतो, आणि मग रात्रभर राजे, राक्षस, राण्या (त्याही मिशा काढलेल्या) तोंडाला येईल ते बोलत असतात. पण तोंडाला काय येतं? ज्यानं शंभर रात्री पुराणं बोललेली आहेत त्याच्या तोंडाला पुराण येतं. आपल्या तोंडाला आवंढा येईल. पेटीवाल्याला नटाच्या खांद्याच्या हालचालीवरून कळतं, की आता हा गाणार आहे. पखवाजवाल्याला कळतं, की आता हा तलवार काढणार आहे. म्हणजे संहिता आहेच. ती कागदावर नाही, माणसांत आहे. दशावतार बिनतयारीचा नाही. त्याची तयारी आपण झोपलेले असताना झालेली असते, एवढंच. आणि तयारी नसलेल्या हौशी मंडळींनी पौराणिक नाटक बसवायला घेतलं तर काय होतं, याचं शास्त्रशुद्ध विवेचन गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’मधे करून ठेवलेलं आहे. मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून त्याचे हजारो प्रयोग केले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. पण लक्षात ठेवा, हसवणारी ती गडबड स्टेजवर बरोब्बर वेळेवर घडत होती. म्हणजे गोंधळाच्या सुद्धा तालमी होत्या.

आता थोडं गणित. टीकाकारानं आकडे दिले की लोक गप्प बसतात, असा अनुभव आहे. मुलांनी शॉट लिहिले होते एकशे बारा. गाणं साडेतीन मिनिटांचं, म्हणजे दोनशे दहा सेकंदांचं. वाट्याला आले दर शॉटला दोन सेकंदसुद्धा नाहीत. एवढ्यात काकींच्या गाण्यातली एक ओळही संपत नाही. नायिका मान वळवायला लागते तोवर माड येतो. बरं, एक शॉट म्हणजे कॅमेरा लावा, उजेड बघा, शेजाऱ्याचं वासरू हाकला, तीनदा घ्या. अर्धा तास धरा. झाले छप्पन्न तास. चांगला कोवळा उजेड सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. म्हणजे चौदा दिवस. वहीत लिहिलं होतं : दोन दिवस. त्यातली पहिली दुपार ‘मासळी’ या एका शब्दाखाली राखून ठेवलेली.

नायिकेच्या धावण्यासाठी स्लो मोशन ठरलेलं होतं. मी विचारलं, धावताना ती गाणार आहे काय? म्हणाले, हो, मुख्य ओळ तिथंच आहे. तर बाबांनो, चित्र निम्म्या वेगानं दाखवायचं तर ओठ जुळण्यासाठी टिपताना गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं, आणि त्या वेगानं तिला म्हणावं लागतं. पडद्यावर ती झुळकेसारखी येईल, पण पाणंदीत ती लिलाव पुकारल्यासारखी ओरडत पळत असेल. हे तिला आधी सांगितलं आहे काय? सांगितलेलं नव्हतं. नायिका त्याच क्षणी थोडी मागं सरकून बसली.

खाडीतल्या पुळणीवरचा नाच वहीत चतुर्थीला दुपारी तीन वाजता होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शाळेत न गेलेल्या माणसालाही येतो. चार पाऊणे तीन. म्हणजे नेमकी ती पुळण त्या वेळी कालावलच्या खाडीत बुडालेली असणार आणि बाराजणी गळ्याएवढ्या पाण्यात फुगडी घालणार. भरतगडाचंही तेच. गडावर खाजगी आंब्याची बाग आहे. मालकांना विचारल्याशिवाय तिथं मावळे चढवता येत नाहीत. त्या गडाची गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली. शिवाजी महाराजांनी १६७० मधे मसुऱ्याची ही टेकडी पाहिली आणि पाणी नाही म्हणून तिथं किल्ला बांधला नाही. पुढं १६८० मधे वाडीच्या फोंड सावंतांनी खोल विहीर खणली, पाणी लागलं, मग गड उभा राहिला. जागा बघणं म्हणजे हे. आपण जातो, हात डोळ्यांवर धरून ‘वाव’ म्हणतो आणि परत येतो. पाणी आहे का, सावली कुठल्या वेळेला कुठं येते, बायकांना कपडे बदलायला आडोसा कुठं, हे कोणी विचारत नाही.

पण ही सगळी किरकोळ कलमं. खरा आरोप पुढंच आहे, आणि तो मी केला नाही. तो काकींनी केला.

वहीच्या शेवटच्या पानावर ‘इतर’ या सदरात चहा, बिस्किटं, दोरी, छत्री यांच्या रांगेत ‘काकी (आवाज)’ अशी नोंद होती. गाणं त्यांचं, पण चित्रात त्या नव्हत्या. ‘लूक’ जमत नव्हता म्हणे. काकी त्या दिवशी आमच्याकडे नारळाच्या कामासाठी आल्या होत्या. वईपलीकडून त्यांना बोअरवेलसकट आपला आवाज ऐकू आला, तशा खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हातात कोयती. सगळे दिग्दर्शक एकदम उठून उभे राहिले.

‘पोरांनू, ह्यां कोण गाता?’

‘काकी, तुम्हीच!’

‘मी? आणि ह्यो धडाम-धडाम कोण करता?’

भाच्यानं त्यांना नम्रपणे नाचाची कल्पना समजावून सांगितली. बाराजणी, वाळू, घिरट्या घालणारा ड्रोन. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

‘अरे, ता चेडू रडता मां? चवथ इली, भाव न्हेवक येवक नाय. नदयेक हावर इलोहा. तो पलीकडे, ता अलीकडे. आणि तुमी तेका नाचवतास?’

खळ्यात कोणी बोललं नाही. गणपतीला माहेरी न्यायला येणारा भाऊ, आणि मधे गडनदीला आलेला पूर. भाऊ पलीकडच्या काठाला, बहीण अलीकडे. गाणं एवढंच होतं. फुगडीच्या ठेक्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या हसत-खेळत म्हटलं जात होतं, पण आतलं माणूस रडत होतं. हे अकराजणांपैकी एकानंही ऐकलं नव्हतं. शब्द मालवणीच होते. घरात रोज बोलतात तेच. पण गाणं म्हणजे ‘ट्रॅक’ आणि गाणारी म्हणजे ‘इतर’, असं एकदा ठरल्यावर ऐकायचं राहूनच जातं.

मग काकी जाता जाता मागं वळल्या (स्लो मोशनशिवाय) आणि विचारत्या झाल्या, ‘माजा नाव खंय घालतलास?’

हा प्रश्न मानाचा नव्हे, हक्काचा आहे. सिनेमाचं गाणं उचललं तर मुलं घाबरतात, कारण १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे : शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. लोकगीताला मात्र धनी नाही असं मानून जो तो त्याला आपल्या दावणीला बांधतो. पण गाणं कोणाचंही असो, गळा तर काकींचा आहे ना? गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यातच घातलेला आहे. आणि कायदा नसता तरी, जिच्या गळ्यावर आपण चौदा पदं उभी केली तिला दोरी आणि छत्रीच्या मधे बसवणं, याला शिष्टाचार म्हणत नाहीत.

तेव्हा या वहीबद्दल माझा अभिप्राय असा : मेहनत भरपूर, हस्ताक्षर सुवाच्य, पण कान नाही. आमची मुलं आळशी नाहीत. एकशे बारा शॉट लिहून काढणारा आळशी कसा असेल? फक्त त्यांची तयारी भलत्या टोकाकडून सुरू होते. वहीच्या पहिल्या पानावर पदं नकोत, यंत्रं नकोत. त्यावर एकच प्रश्न हवा : गाण्यातलं माणूस कुठं उभं आहे आणि त्याला काय हवं आहे? त्याचं उत्तर सापडलं की निम्मी यादी आपोआप गळते. ड्रोन तर पहिल्यांदा गळतो. वाट बघणारी बाई आभाळातून दिसत नाही. ती उंबऱ्यापाशी बसूनच दिसते.

आता दुसरी वही झाली आहे. तीही मी पाहिली. शॉट एकवीस. दर शॉटला दहा सेकंद, म्हणजे एक ओळ पुरी म्हणून होईल एवढे. तीन दिवसांत आटोपण्यासारखं. मे महिन्यातला बेत मोडून पावसाळ्यात टिपायचं ठरलं आहे. ढगाळ उजेड दिवसभर सारखा असतो, तो कॅमेऱ्याला मानवतो, आणि नदी आपली भूमिका स्वतःच करते. मात्र पाण्यात कोणी उतरायचं नाही, काठ सोडायचा नाही, हे लाल शाईत लिहिलं आहे. एक दिवस अष्टमीचा धरला आहे. आठ पाऊणे सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला खाडीला भरती. बोअरवेल काढून टाकली आहे. काकी आपल्या पडवीत बसून गाणार आहेत, ओठ जुळवण्याचा प्रश्नच नाही. क्लॅप मारायला दोघं तयार झाले आहेत. व्हिडिओ चांगला होईल की नाही, ते आजच सांगता येत नाही. पण पडलाच तर निदान त्याच गाण्याचा म्हणून पडेल, दुसऱ्या कुठल्या नव्हे.

श्रेयनामावलीत पहिलं नाव काकींचं, हे एकमतानं ठरलं. दुसऱ्या नावासाठी बैठक अजून चालू आहे. चहा आमच्याकडेच.